कोपानचे सोळा राजे: एका दगडावर कोरलेली वंशावळ

मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात, ग्वाटेमालाच्या सीमेलगत, कोपान नावाचं प्राचीन माया शहर आहे. तिथल्या राजपरिसरातल्या सगळ्यात उंच पिरॅमिडसमोर एक चौकोनी दगड मांडलेला होता. सुमारे सहा फूट लांब, तेवढाच रुंद, चार फूट उंच, खाली चार गोल पाय. चारही बाजूंना चार-चार माणसं मांडी घालून बसलेली कोरली आहेत, म्हणजे एकूण सोळा. संशोधक या दगडाला ‘क्यू वेदी’ म्हणतात. इ.स. ७७६ मध्ये तो तिथे बसवला गेला.

पश्चिमेकडची बाजू नीट बघावी. तिथे मधोमध दोघं समोरासमोर बसले आहेत. डावीकडचा हातातली दंडासारखी वस्तू उजवीकडच्यापुढे धरतो आहे. देणारा या घराण्याचा पहिला राजा आहे आणि घेणारा सोळावा. त्या दोघांच्या राज्यारोहणांत ३३७ वर्षांचं अंतर आहे. बाकीचे चौदा जण चारही बाजू भरून काढतात आणि फेरी पूर्ण होते तिथे पहिला आणि शेवटचा शेजारी येतात. सोळाव्या राजाने हा दगड मुद्दाम असा आखून घेतला. मला गादी थेट मूळपुरुषाने दिली, असं त्याला लोकांना दाखवायचं होतं.

असं दाखवायची गरज त्याला का पडली, हे समजलं की कोपानच्या घराण्याचा सगळा इतिहास उलगडतो.

आधी हे वाचता कसं आलं ते बघू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही विद्वानांचं मत होतं की ही सोळा माणसं म्हणजे ज्योतिर्विद असून पंचांग सुधारण्यासाठी त्यांची सभा भरली आहे. त्या काळी माया लेखांतल्या तारखा आणि ग्रहगणितच काय ते वाचता येत होतं, म्हणून लेखही आकाशाबद्दलच असणार असं सगळे धरून चालले होते. १९५२ साली लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी दाखवलं की माया चिन्हांपैकी बरीचशी चिन्हं अक्षरं आहेत, त्यांना उच्चार आहे. १९५८ मध्ये हाइनरिश बर्लिन यांनी ओळखलं की प्रत्येक मोठ्या शहराचं स्वतःचं एक राजचिन्ह असतं. कोपानच्या राजचिन्हात वटवाघळाचं डोकं आहे. आणि १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी पिएद्रास नेग्रास या दुसऱ्या शहरातल्या तारखा ओळीने मांडून बघितल्या. प्रत्येक गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. जन्म, राज्यारोहण, पुढच्याचं राज्यारोहण असा तो क्रम होता. म्हणजे शिलालेखांत माणसांचा इतिहास होता. माझ्या मते माया अभ्यासातला हा सगळ्यात सुंदर शोध आहे, कारण त्यासाठी एकही नवा दगड उकरावा लागला नाही.

मग क्यू वेदीवरची सभा बरखास्त झाली आणि सोळा राजे पुढे आले. बहुतेक राजे स्वतःच्या नावाच्या चिन्हावरच बसले आहेत. मूळपुरुष मात्र ‘राजा’ या अर्थाच्या चिन्हावर बसला आहे आणि त्याचं नाव शिरोभूषणात गुंफलं आहे.

तारखा इतक्या नेमक्या कशा, असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच. माया लोक इ.स.पू. ३११४ मधल्या एका दिवसापासून एकेक दिवस मोजत आले होते. ही मोजणी बहुतेक विसाच्या पटीत चालते: वीस दिवसांचा महिना, ३६० दिवसांचं वर्ष, अशी वीस वर्षं म्हणजे एक कातून आणि वीस कातून म्हणजे एक बाकतून. आपल्या कालगणनेशी ती एकदा जोडली की तेराशे वर्षांपूर्वीची घटना कोणत्या महिन्यात घडली हेही सांगता येतं. बहुतेक तज्ज्ञांत दोन-तीन दिवसांचाच फरक पडतो.

आता मूळपुरुषाकडे वळू. त्याचं नाव किनिच याश कुक मो. दगडाच्या माथ्यावरचा लेख सांगतो की सप्टेंबर ४२६ मध्ये त्याने राजसत्तेचं प्रतीक असलेल्या देवतेची मूर्ती हाती घेतली. हे कोपानमध्ये घडलं नाही. ज्याला ‘मूळघर’ म्हणता येईल अशा एका पवित्र वास्तूत घडलं. तीन दिवसांनी तो तिथून निघाला आणि पुढे १५३ दिवसांनी, फेब्रुवारी ४२७ मध्ये, कोपानला पोचला. म्हणजे हा राजा बाहेरून आला, असं त्याचे वंशजच उघडपणे सांगतात, आणि अभिमानाने सांगतात. दगडावर त्याच्या डोळ्यांभोवती गोल चष्म्यासारखी वळी आहेत आणि हातावर छोटी ढाल आहे. हा पेहराव माया नाही, तो मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या महानगराचा आहे. त्या काळी अमेरिका खंडातलं ते सगळ्यात मोठं शहर होतं. ३७८ मध्ये तेओतिवाकानशी जोडलेली माणसं तिकाल या बलाढ्य माया शहरात शिरली आणि तिथलं राजघराणंच बदललं. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत याश कुक मो कोपानला आला. तो त्याच राजकारणाच्या लाटेवर आला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हा सगळा लेख त्याच्या मृत्यूनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी कोरलेला आहे. वंशजांनी पूर्वज रचून सांगितला, अशी शंका घ्यायला भरपूर जागा होती, आणि काही संशोधकांनी ती घेतलीही होती. म्हणूनच पिरॅमिडच्या पोटात जे सापडलं त्याला इतकं मोल आहे.

माया राजे जुनी इमारत पाडून, भरून, तिच्यावर नवी बांधत. त्यामुळे कोपानचा प्रत्येक पिरॅमिड कांद्यासारखा आहे, पापुद्र्याखाली पापुद्रा. नदीनेही पुरातत्त्वज्ञांचं काम थोडं सोपं करून ठेवलं होतं. कोपान नदीने पूर्वेकडची बाजू शतकानुशतकं पोखरली होती आणि त्या कापात जुने थर उघडे पडले होते. १९३० च्या दशकात नदीचा प्रवाह वळवला गेला. पुढे संशोधकांनी आत काही किलोमीटर लांबीचे बोगदे खणले. क्यू वेदीच्या मागच्या पिरॅमिडखाली, अगदी तळाशी, एक छोटी इमारत मिळाली, तिला ‘हुनाल’ नाव दिलं आहे. तिची बांधणी तेओतिवाकानच्या धर्तीची आहे आणि तिच्या जमिनीखाली एका पुरुषाची कबर आहे.

त्या हाडांनी बरंच काही सांगितलं. मरताना माणसाचं वय पंचावन्नच्या पुढे होतं. दातांत जेड, म्हणजे हिरवा मौल्यवान दगड, बसवलेलं होतं. उजव्या हाताचं हाड पूर्वी कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं, समोरून आलेला घाव हातावर झेलल्यावर मोडतं तसं. वेदीवरच्या मूळपुरुषाची ढालही उजव्याच हातावर आहे. दातांतल्या आणि हाडांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची तपासणी झाली. माणूस लहानपणी ज्या मातीतलं अन्न-पाणी घेतो तिची खूण दातांत कायम राहते, आणि इथे ती कोपानची निघाली नाही. त्याचं बालपण उत्तरेकडच्या, ग्वाटेमालातल्या सखल पेतेन भागाकडे बोट दाखवतं. बाहेरून आलेला, लढलेला, प्रौढ वयात मेलेला हा माणूस म्हणजेच याश कुक मो, असं आज बहुतेकांचं मत आहे. तेओतिवाकानचा वेश करणारा हा राजा वाढला मात्र माया मुलखातच.

त्याच्या जवळच ‘मार्गारिता’ नावाच्या इमारतीत एका स्त्रीची कबर आहे, आणि ती राजाच्या कबरीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. जेडचे दागिने, शिंपले, भांडी आणि अंगभर लाल हिंगूळ. तिचे दात मात्र कोपानचेच. ती बहुधा याश कुक मोची राणी आणि दुसऱ्या राजाची आई होती. बाहेरचा वीर आणि स्थानिक घराण्यातली मुलगी, अशा सोयरिकीतून हे राज्य उभं राहिलं असावं. क्यू वेदीवर तिला जागा नाही. पण तिच्या कबरीत उतरून लोक वर्षानुवर्षं पूजा करत होते, वाट मुद्दाम मोकळी ठेवली होती. दगडावरच्या सोळा पुरुषांइतकीच ही स्त्री घराण्याच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं.

दुसऱ्या राजाने, किनिच पोपोल होलने, वडिलांच्या कबरीवर बांधकाम सुरू केलं ते पुढे साडेतीनशे वर्षं थांबलं नाही. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या राजांबद्दल फारसं हाती नाही. दहाव्याच्या काळात, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याच जागी ‘रोसालिला’ नावाचं लाल मंदिर उभं राहिलं. ते जुनं झालं तेव्हा लोकांनी ते पाडलं नाही. त्याच्यावर पांढरा गिलावा चढवून, खोल्या काळजीपूर्वक भरून, ते जसंच्या तसं नव्या पिरॅमिडच्या आत गाडलं. पुरातत्त्वज्ञ रिकार्दो अगुर्सिया यांना ते १९८९ मध्ये बोगद्यात सापडलं, तेव्हा भिंतींवरचे सूर्यदेवाचे आणि पक्ष्यांचे मुखवटे जागेवर होते. आतल्या एका ठेव्यात चकमकीच्या दगडातून घडवलेले नऊ राजदंड होते.

बारावा राजा ६२८ ते ६९५ असा सदुसष्ट वर्षं गादीवर राहिला. त्याच्या कबरीबाहेर मातीची बारा धूपपात्रं सापडली, प्रत्येकावर बसलेला एक पुरुष. त्यातला एक डोळ्यांभोवती वळी असलेला याश कुक मो आहे. म्हणजे क्यू वेदीच्या ऐंशी वर्षं आधीसुद्धा राजाच्या मरणाला सगळे पूर्वज हजर असत.

तेरावा राजा वशाक्लाहून उबाह काविल. कोपानच्या शिल्पकलेचा परमोच्च काळ हा त्याचा. कोपानचा दगड ज्वालामुखीच्या राखेतून झालेला, हिरवट आणि कोरायला मऊ. चुनखडीच्या प्रदेशातले माया शिल्पकार शिलास्तंभावर उथळ उठाव कोरत, इथल्या शिल्पकारांनी मात्र दगडापासून जवळजवळ सुटलेली, सर्व बाजूंनी गोल मूर्ती काढली. मोठ्या चौकात या राजाचे शिलास्तंभ ओळीने उभे आहेत. प्रत्येकावर तोच, पण दर वेळी वेगळ्या देवाच्या रूपात. ७३१ च्या एका स्तंभावर त्याने कोपानचं नाव तिकाल, कालाक्मुल आणि पालेंके या मोठ्या माया शहरांच्या बरोबरीने चार दिशांना मांडलं आहे. जानेवारी ७३८ मध्ये त्याने नवं चेंडूचं मैदान पूर्ण केलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचं डोकं उडवलं गेलं.

हे समजायला माया राजकारण थोडं माहीत हवं. माया साम्राज्य असं कधी नव्हतंच. डझनावारी नगरराज्यं होती, प्रत्येकाचा स्वतःचा ‘पवित्र राजा’ होता आणि त्यांच्यात मांडलिक, सोयरे, शत्रू असं जाळं विणलेलं होतं. या जाळ्याची दोन मोठी टोकं म्हणजे तिकाल आणि कालाक्मुल. कोपान तिकालच्या बाजूचं. कोपानपासून उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, मोताग्वा नदीच्या खोऱ्यात, किरिग्वा नावाचं छोटं मांडलिक शहर होतं. छोटं खरं, पण जेडची वाट त्या नदीकाठाने जात होती. ७२५ मध्ये वशाक्लाहून उबाह काविलनेच किरिग्वाच्या गादीवर काक तिलिव चान योपातला बसवलं. ७३६ मध्ये या काक तिलिवने कालाक्मुलच्या राजाशी संधान बांधलं. दोन वर्षांनी त्याने आधी कोपानच्या देवांच्या लाकडी मूर्ती जाळल्या आणि सहा दिवसांनी, ३ मे ७३८ रोजी, आपल्या अधिपतीचा शिरच्छेद केला.

या एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. किरिग्वाच्या लेखांत स्पष्ट शब्द आहे: कुऱ्हाड चालवली. कोपानच्या लेखात तो राजा चकमकीच्या दगडाच्या पात्याने आणि ढालीने गेला, म्हणजे रणात पडला, असं म्हटलं आहे. आपला राजा बांधून नेऊन मारला गेला, हे कोपानला लिहिता आलं नाही.

किरिग्वा त्यानंतर झपाट्याने वर आलं. काक तिलिवने ७७१ मध्ये उभारलेला शिलास्तंभ साडेदहा मीटर लांबीचा आहे, माया जगातला सगळ्यात उंच. कोपानमध्ये उलट शांतता पसरली. शहर जाळलं गेलं नाही, लुटलंही गेलं नाही. एकोणचाळीस दिवसांत चौदावा राजा गादीवर आला. पण जवळजवळ सतरा वर्षं एकही नवा शिलास्तंभ उभा राहिला नाही. या काळातली एक महत्त्वाची इमारत म्हणजे चटईच्या विणीची नक्षी असलेलं सभागृह. चटई हे माया लोकांत राजसत्तेचं आणि सभेचं चिन्ह. राजाला आता सरदारांना विचारून चालावं लागत होतं, असा त्याचा अर्थ अनेकजण लावतात.

पंधराव्या राजाने उत्तर दिलं ते जिन्याच्या रूपात. बाराव्या राजाची कबर असलेल्या पिरॅमिडवर तेराव्याने सुरू केलेला कोरीव जिना त्याने वाढवून ७५५ मध्ये पूर्ण केला. साठहून जास्त पायऱ्या, प्रत्येक पायरीच्या दर्शनी भागावर अक्षरं, एकूण सुमारे २,२०० चिन्हं. माया लिपीतला हा सगळ्यात लांब लेख. घराण्याचा इतिहास त्यावर पायरीपायरीने चढतो आणि मध्येमध्ये पूर्वज राजे योद्ध्याच्या वेशात बसवले आहेत. वरच्या मंदिरात तर एकच मजकूर दोनदा कोरला आहे: एकदा माया लिपीत आणि शेजारी तेओतिवाकानच्या चित्रशैलीची नक्कल करत. तेओतिवाकान तोवर पडून दोनशे वर्षं होत आली होती. पण मूळपुरुष तिकडच्या तेजाने आला होता ना, मग ते तेज पुन्हा आठवून द्यायलाच हवं होतं. दुर्दैवाने जिना पुढे कोसळला आणि १९३० च्या दशकात त्याची डागडुजी झाली तेव्हा लिपी वाचता येत नसल्यामुळे खालच्या काही पायऱ्या सोडून बाकीचे दगड भलत्याच क्रमाने बसवले गेले. संशोधक आजही तो क्रम लावत आहेत.

कोपानचं बघताना एक गोष्ट मला पुन्हापुन्हा जाणवते. गादी जितकी डळमळीत, तितका मूळपुरुषाचा गजर मोठा. तेरावा राजा भरात होता तेव्हा त्याने स्वतःच्या मूर्ती उभारल्या. त्याच्या शिरच्छेदानंतर आलेल्यांनी पूर्वजांच्या रांगा मांडल्या.

सोळावा राजा याश पासाह चान योपात ७६३ मध्ये गादीवर आला. त्याची आई पालेंकेची होती. वडील कोण, हे तो कुठेच ठळकपणे सांगत नाही. म्हणूनच मला क्यू वेदीची मांडणी इतकी अर्थपूर्ण वाटते: बापाच्या जागी मूळपुरुष. दगडाच्या शेजारी एका बंदिस्त खड्ड्यात जाग्वारांची हाडं निघाली. पंधरा जाग्वार, बहुधा आधीच्या पंधरा राजांसाठी एकेक. खोऱ्यातून एवढे जाग्वार मिळवायचे म्हणजे केवढी खटपट झाली असेल.

त्याच्या काळात खोऱ्यात माणसं दाटली होती. अंदाज वीस हजारांच्या वर जातात. सरदारांच्या वाड्यांतही आता कोरीव लेख असलेली दगडी आसनं दिसू लागतात. लास सेपुलतुरास वस्तीतला एका लेखनिक घराण्याचा वाडा याचं ठळक उदाहरण. पूर्वी कोरीव अक्षर ही राजाची मिरास होती, ती आता वाटली जात होती. जुनं वैरही मावळलं: ८१० च्या सुमारास याश पासाह किरिग्वाला जाऊन तिथल्या राजाबरोबर विधी करतो. त्याआधी ७९५ मध्ये किरिग्वाच्या एका प्रचंड शिल्पावर आपला पहिला राजा ४२६ मध्ये याश कुक मोच्या आज्ञेने गादीवर बसला, अशी नोंद कोरली गेली. ज्या घराण्याचं डोकं उडवलं, त्याच्याच मूळपुरुषाचा आधार त्यांनाही लागला.

मग घराणं संपलं कशाने? बराच काळ एक उत्तर ठरलेलं होतं: लोकसंख्या वाढली, डोंगरावरची झाडं तुटली, माती वाहून गेली, उपासमार झाली. हाडांवर कुपोषणाच्या खुणा आहेत हे खरं. पण नंतर तळ्याच्या गाळातल्या परागकणांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा त्या काळात जंगल उजाड झालं नव्हतं, उलट लोक ते राखत होते, असं दिसलं. नवव्या शतकात माया प्रदेशात ठिकठिकाणी दुष्काळ पडले आणि दक्षिणेकडची राजघराणी एकामागून एक कोसळत होती. माझ्या मते कोपानमध्ये आधी राजेपणावरचा विश्वास ढळला आणि बाकीच्या संकटांनी त्यावर घाव घातले. पाऊस, पीक आणि विजय राजाच्या विधींमुळे मिळतात, ही त्या सत्तेची बैठक होती, आणि तिला ७३८ मध्येच तडा गेला होता.

याश पासाहनंतरही एकाने प्रयत्न केला. उकित तोक नावाच्या माणसाने फेब्रुवारी ८२२ मध्ये राज्यारोहण केलं आणि क्यू वेदीसारखाच चौकोनी दगड कोरायला घेतला. एका बाजूला तो आणि याश पासाह समोरासमोर बसलेत, मध्ये तारीख, अगदी मूळ नमुन्याप्रमाणे. दुसऱ्या बाजूचं काम नुसतं सुरू झालं आहे आणि उरलेल्या दोन बाजू कोऱ्या आहेत. कोपानमध्ये यानंतरची राजतारीख मिळत नाही.

लोक मात्र लगेच नाहीसे झाले नाहीत. राजवाडा ओस पडल्यावरही खोऱ्यात शेती करणारी कुटुंबं राहिली, हळूहळू विरळ होत गेली. आजही या भागात आणि सीमेपलीकडे ग्वाटेमालात चोर्ती माया लोक राहतात. शिलालेखांच्या भाषेला आजच्या जिवंत भाषांपैकी चोर्तीच सगळ्यात जवळची मानली जाते आणि लेख उलगडताना तिच्या शब्दांचा, क्रियापदांचा मोठा उपयोग झाला. जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने १८३९ मध्ये हे अवशेष पन्नास डॉलरला विकत घेतले होते. आज ते जागतिक वारसा आहेत. कोणी तिथे गेलंच तर पिरॅमिडसमोर दिसणारी क्यू वेदी ही प्रतिकृती आहे हे ध्यानात ठेवावं. मूळ दगड शेजारच्या शिल्पसंग्रहालयात आहे. रोसालिला मंदिराची पूर्ण आकाराची रंगीत प्रतिकृतीही तिथेच उभारली आहे, आणि दोन्ही बघायला सवड काढून जावं.